नववीतली मुलगी दर पाच मिनिटांनी किती लाइक आले ते बघते. असं का होतं? फोन काढून घेऊ का?

मी काढून घेतला होता. माझीही तेव्हा नववीतच होती.

गौरीजेवणाच्या दिवशी माझी नारायणपेठ नेसून तिने इन्स्टाग्रामवर फोटो टाकला. पंगत उठेपर्यंत ११ लाइक. फोटो उडवला आणि पाहुणे घरात असतानाच साडीही सोडून ठेवली. धाकटे दीर सांगलीला असतात. ते म्हणाले, "वहिनी, फोन काढून घ्या, आठ दिवसांत सरळ येते बघा. आमच्याकडे मोहित्यांच्या वडगावात अख्खं गाव फोन बंद ठेवतं, तुम्हाला एक पोरगी आवरत नाही?" चारचौघांत बोलले, मग मीही इरेला पेटले. फोन कपाटात, किल्ली माझ्या कमरेला.

दहाव्या दिवशी तिच्या एका मैत्रिणीचा वाढदिवस होता. ही पिवळा ड्रेस घालून क्लासला गेली आणि बाकी सहाही जणी काळ्या कुर्त्यात. आदल्या रात्री ग्रुपवर ठरलेलं. मुद्दाम कोणी वगळलं नव्हतं. हिला कळवायचं राहिलंय हे कुणाच्या लक्षातच आलं नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. घरी येऊन ड्रेस बादलीत टाकला, नळ सोडला आणि बादली भरून वाहायला लागली तरी उंबऱ्यावर बसून राहिली. नळ मी बंद केला. किल्लीही त्याच संध्याकाळी दिली.

आता तुमचं 'का'. या वयात सगळं जग आपल्याकडेच बघतंय असं खरंच वाटतं. डेव्हिड एल्काइंड या मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्येच याला 'काल्पनिक प्रेक्षक' म्हटलंय. लाइकमुळे त्या प्रेक्षकांची मोजदाद होऊ लागली, एवढंच. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात ३२ मुलामुलींना एमआरआय मशीनमध्ये झोपवून फोटो दाखवले, तो अभ्यास २०१६ मध्ये आला. स्वतःच्या फोटोला भरपूर लाइक दिसले की मेंदूतला बक्षिसाचा भाग जागा व्हायचा, आणि ते आकडे संशोधकांनीच मनाने टाकलेले! शिवाय लाइक कधी येईल सांगता येत नाही, म्हणून सारखं डोकावणं. मटका खेळणारा माणूस बघितला असेल तर वेगळं सांगायला नको.

राहिलं वडगाव. तिथे २०२२ पासून संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. पण भाऊजी, तो भोंगा सगळ्यांसाठी वाजतो! कुणाच्या मागे काही ठरतच नाही. मी भोंगा एकटीसाठी वाजवला.

म्हणून काढून घेऊ नका. आमच्याकडे रात्री दहानंतर सगळ्यांचे फोन हॉलमध्ये चार्जिंगला, ह्यांचासुद्धा. तिच्या वर्गातल्या तिघींच्या आयांनाही मी पटवलं. खरं काम झालं ते त्याने. इन्स्टाग्रामवर लाइकचा आकडा लपवता येतो, पण माझीने दोन दिवस लपवला आणि परत चालू केला.

हां, झोप-जेवण तुटलं असेल किंवा कोणी फोटोवरून धमकावत असेल, तर माझं ऐकत बसू नका, समुपदेशक गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे.

आणि भाऊजी? रोज पहाटे साडेपाचला सुप्रभात पाठवतात, आणि दुपारी फोन करून विचारतात, "वहिनी, बघितलं नाहीत का? निळी खूण आली नाही."