हत्तीरोगाच्या गोळ्या पूर्वी दोन प्रकारच्या होत्या, आता तीन. नागपूर जिल्ह्यातल्या आमच्या गावावर प्रयोग चाललाय का?

नाही, प्रयोग आधीच होऊन गेलेत, तुमच्या गावात येतंय ते सिद्ध झालेलं औषध. पापुआ न्यू गिनीतल्या चाचणीत डीईसी आणि अल्बेंडाझोल ही जुनी दोन औषधं आणि तिसरं आयव्हरमेक्टिन एकदाच एकत्र घेतलेल्या बाधितांपैकी ९६ टक्के लोकांच्या रक्तात वर्षभरानंतरही हत्तीरोगाचे सूक्ष्म जंत नव्हते. जुन्या दोन औषधांच्या एका डोसात हे प्रमाण ३२ टक्केच होतं. पुढे कर्नाटकातल्या यादगीरसह पाच देशांत २६ हजारांवर लोकांना देऊन सुरक्षितता तपासली, त्रास दोन औषधांइतकाच निघाला. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस २०१७ची. मी मोहिमेत गोळ्या वाटतो. आयव्हरमेक्टिन उंचीवर ठरतं, म्हणून आशाताई चप्पल काढायला लावून पट्टीशी उभं करतात. तो तुमच्या डोसाचा हिशेब आहे, दुसरं काही नाही. जेवून, त्यांच्यासमोरच गिळा, अल्बेंडाझोल मात्र चावून. नंतर ताप, डोकेदुखी किंवा मळमळ झाली तर बहुधा ती जंत मरत असल्यामुळे, दोन दिवसांत उतरते. जास्त वाटलं तर लगेच आरोग्य केंद्रात दाखवा. गरोदर बाई, दोन वर्षांखालची लेकरं आणि गंभीर आजारी माणूस यांना देऊ नका, आणि पाच वर्षांखालच्यांना आयव्हरमेक्टिन नको.