शामोनीचा उतार आणि सहा लाखांचं कर्ज

प्रश्न : आम्ही दोघं पुण्यात आयटीत आहोत, वय 36 आणि 34, मुलगी पाच वर्षांची. दोघांचा मिळून हातात येणारा पगार 2 लाख 10 हजार. घराचा हप्ता 68 हजार, घरखर्च आणि शाळा मिळून 65 हजार, एसआयपी 40 हजार. अडीअडचणीसाठी साडेचार लाखांची एफडी आहे, फिरायला म्हणून दोन लाख वेगळे ठेवलेत, एप्रिलमध्ये साधारण तीन लाख बोनस येईल. दोघांनीही गुलमर्गला स्कीइंगचा बेसिक आणि नंतर इंटरमीजिएट कोर्स केला आहे. आता खरोखर अवघड डोंगर करायचा आहे. यादीत आल्प्समधलं शामोनी (फ्रान्स), व्हर्बिए (स्वित्झर्लंड) आणि सांक्ट आंटोन (ऑस्ट्रिया) होतं, शामोनी नक्की केलं. फेब्रुवारीतल्या नऊ दिवसांचं एजंटने आठ लाखांचं कोटेशन दिलं आहे. दोन लाख आमचे आणि सहा लाखांचं तीन वर्षांचं कर्ज, 12 टक्क्यांनी, तोच करून देतोय. जावं का? सासूबाई मुलीला सांभाळायला तयार आहेत.

उत्तर : शामोनीला जा, पण या फेब्रुवारीत नको आणि या कर्जावर तर नकोच. या वर्षी पुन्हा गुलमर्गला जा, मात्र गेल्या वेळेसारखं नाही. हे सांगताना माझ्या डोक्यात काटकसर नाही. तुमची मिळकत बघता दोन-तीन वर्षांतून एकदा असा मोठा खर्च तुम्हाला झेपतो, आणि स्कीइंग काही पन्नाशीनंतर सुरू करायचं काम नव्हे. पण तुम्ही ज्यासाठी पैसे मोजणार आहात ते आठ लाखांत तुमच्या हाती पडत नाही.

आधी कोटेशन पाहू. त्यात विमान, व्हिसा, जिनिव्हा विमानतळावरून ने-आण, आठ रात्री, न्याहारी आणि सहा दिवसांचा लिफ्ट पास (डोंगरावर नेणाऱ्या केबलकार-लिफ्टचा) आहे. स्की आणि बुटांचं भाडं नाही. दुपारचं आणि रात्रीचं जेवण नाही. गाईड नाही. विम्यापुढे नुसतं ‘शेंगेन विमा समाविष्ट’ असं लिहिलंय. भाड्याचे 40 हजार, दोघांच्या जेवणाचे 80-90 हजार, गाईडचे दोन दिवस धरले तर लाखाच्या आसपास, आणि बऱ्यापैकी विमा. हे सगळं धरून माझा आकडा सव्वादहा ते साडेदहा लाखांवर जातो. प्रत्यक्ष स्कीइंगचे दिवस सहा. म्हणजे दिवसाला दोघांचे पावणेदोन लाख. हवामानाने त्यातले दोन दिवस खाल्ले, आणि तिथे खातं, तर दिवसाचा भाव अडीच लाखांच्या पुढे.

आता ‘अवघड’ या शब्दाकडे येते. शामोनीचं नाव ज्यासाठी घेतात ती उतरण म्हणजे व्हाले ब्लांश. एग्वी द्यू मिदीच्या केबलकारने 3,842 मीटरवर चढायचं, बुटांना क्रॅम्पॉन (बर्फात रुतणारे खिळे) लावून, दोराला बांधून घेऊन एका अरुंद बर्फाळ धारेवरून चालत खाली यायचं, आणि मग हिमनदीवरून सुमारे वीस किलोमीटर. तिथे बर्फ दाबून सपाट केलेला नसतो, पाट्या नसतात, गस्त नसते, हिमनदीत भेगा असतात. गाईड नेतात, पण आधी विचारतात : लाल उतारावर कसल्याही बर्फात न अडखळता उतरता येतं का? फ्रान्समध्ये उतारांची हिरवा, निळा, लाल, काळा अशी चढती श्रेणी असते. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून तुम्ही दोघं यंत्राने दाबलेल्या, मऊ उतारांवर शिकलात आणि मोकळ्या, खोल बर्फात जवळपास उतरलेलाच नाहीत. अशा स्थितीत गाईड ‘नाही’ म्हणू शकतो. मग सहा दिवस तुम्ही निळ्या-लाल उतारांवर काढाल. ते वाईट नाहीत, पण तसे उतार निम्म्या पैशांत कुठेही मिळतात. जिथे उतरायची अजून तयारी नाही, त्या डोंगराचं भाडं भरू नये, एवढाच माझा मुद्दा.

आणखी एक. ग्रां मोंते हा शामोनीतला दुसरा नामांकित अवघड भाग. 2018 च्या सप्टेंबरमध्ये लोन्याँ स्थानकाला आग लागली आणि वर 3,295 मीटरपर्यंत नेणारी केबलकार बंद पडली. कुठल्या हंगामात कुठपर्यंत लिफ्ट चालू आहे हे पास घेण्याआधी तिथल्या लिफ्ट कंपनीच्या साइटवर स्वतः बघायचं. एजंटच्या माहितीपत्रकात जुने फोटो असतात.

विम्याबद्दल मी जरा लांबण लावणार आहे, कारण पत्रात त्यावर एक ओळही नाही. शेंगेन व्हिसासाठी किमान 30 हजार युरोचं वैद्यकीय कवच लागतं. ती व्हिसाची अट आहे, स्कीइंगचं कवच नव्हे. आपल्याकडच्या बहुतेक प्रवास पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात. जादा प्रीमियम भरून ते जोडून घेता येतात, पण तिथेही बारीक अक्षरात ‘आखलेल्या उतारांबाहेर’ किंवा ‘गाईडशिवाय’ असं वगळलेलं असतं. व्हाले ब्लांश नेमकं आखलेल्या उतारांबाहेरच येतं. तेव्हा विमा कंपनीला ईमेल करा, त्यात ‘हिमनदीवर, परवानाधारक गाईडसोबत, आखलेल्या उतारांबाहेर स्कीइंग’ असे शब्द घाला आणि लेखी होकार घ्या. फोनवरच्या होकाराचा दाव्याच्या वेळी उपयोग नसतो. फ्रान्समध्ये लिफ्ट पासबरोबर दिवसाला काही युरोंत बचावाचा विमा जोडून मिळतो, तोही घ्याच.

फ्रान्सची एक गंमत आहे. तिथे डोंगरात, आखलेल्या उतारांबाहेर अडकलात तर जाँदार्मरीचं (तिथल्या पोलीस दलाचं) पर्वतीय पथक हेलिकॉप्टर घेऊन येतं आणि सुटकेचं बिल सहसा लावत नाही. उलट आखलेल्या उतारावर पाय मोडला, तर खाली आणण्याचे पैसे भरावे लागतात. दवाखान्याचा खर्च दोन्हीकडे तुमचाच. व्हर्बिए स्वित्झर्लंडमध्ये, तिथे हेलिकॉप्टरचं बिल थेट जखमीच्या नावावर येतं, आणि फ्रँकमध्ये. ते नाव यादीतून गेलं हे खिशाच्या दृष्टीने बरंच झालं.

घरच्या पॉलिसीही काढून बघा. भारतातल्या मेडिक्लेममध्ये साहसी खेळांबद्दलचा जो प्रमाण अपवाद आहे तो व्यावसायिक म्हणून खेळणाऱ्यांसाठी आहे. हौसेने स्कीइंग करताना गुलमर्गला गुडघा गेला तर साधारणपणे दावा बसतो. मात्र तो मेडिक्लेम बहुधा परदेशात चालत नाही. टर्म इन्शुरन्सला जोडलेला अपघाती मृत्यूचा रायडर (जादा कवच) साहसी खेळांतला मृत्यू बऱ्याचदा वगळतो. मूळ टर्म पॉलिसी घेताना धोकादायक छंदांबद्दल विचारलेल्या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर दिलंय ते पाहा. त्या वेळी स्कीइंग करतच नव्हतात तर प्रश्न नाही. पाच वर्षांची मुलगी आहे आणि आई-बाबा दोघंही एकाच दोराला बांधलेले असणार आहेत. दोघांची टर्म पॉलिसी आहे का, नॉमिनी कोण, दोघंही नसताना मुलीचा पालक कोण याचं मृत्युपत्र आहे का, हे पत्रात नाही. नसेल तर विमान तिकिटाआधी ते करा. मृत्युपत्राला साधा कागद आणि दोन साक्षीदार पुरतात.

कर्जाचं गणित त्या मानाने सोपं आहे. सहा लाख, 12 टक्के, 36 महिने : हप्ता साधारण 19,900 आणि व्याज 1 लाख 17 हजार. दरमहा तुमच्या हाती उरतात 37 हजार, ते 17 हजारांवर येतील, तेही तीन वर्षं. हप्ता आणि घरखर्च धरून महिना 1 लाख 33 हजार लागतात. सहा महिन्यांचा गंगाजळीचा हिशेब आठ लाखांचा होतो आणि तुमच्याकडे साडेचार आहेत. आयटीतल्या नोकरीबद्दल तुम्हाला मी वेगळं सांगायची गरज नाही. ही तूट उघडी ठेवून वर सहलीचं कर्ज चढवणं मला पटत नाही. शिवाय जो पॅकेज विकतो तोच कर्जही विकतो, तेव्हा प्रोसेसिंग फी आणि मुदतीआधी फेडण्याचा दंड आधी विचारायचा.

मग गुलमर्ग. ‘ते तर झालंय’ असं तुमचे यजमान म्हणतील. झालेलं नाही. तुम्ही गोंडोलाच्या, म्हणजे तिथल्या केबलकारच्या, खालच्या बाजूला शिकलात. तिचा दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर सुमारे 3,980 मीटरपर्यंत नेतो आणि तिथून गुलमर्गपर्यंत उंचीने साधारण 1,300 मीटरची सलग उतरण आहे, बहुतांश न दाबलेल्या बर्फाची. जगभरचे लोक खास त्यासाठी येतात. जंगलातून बाबरेशी, द्रंग, टंगमर्गकडे उतरणाऱ्या वाटा आहेत. युरोपातला हंगामातला गर्दीचा उतार आणि हा यात मला विचाराल तर हाच जास्त कठीण आहे, आणि धोकाही खोटा नाही. 2023 च्या फेब्रुवारीत इथे हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीअर गेले, 2024 च्या फेब्रुवारीत एक रशियन. गस्त ठरावीक भागापुरतीच. म्हणून पैसे गाईडवर घाला : दहा दिवसांपैकी निदान पाच दिवस हिमस्खलनाची जाण असलेला स्थानिक गाईड, बर्फाखाली गाडलेल्याला शोधून काढायची उपकरणं (ट्रान्सीव्हर, प्रोब आणि फावडं) भाड्याने, आणि पहिला अख्खा दिवस फक्त ती उपकरणं वापरायला शिकण्यात. हॉटेलात एक पायरी खाली उतरलात तरी चालेल.

माझ्या अंदाजाने दोघांचा सगळा खर्च अडीच लाखांच्या आसपास बसतो. दोन लाख आहेतच, वरचे पन्नास हजार दीड महिन्याच्या शिलकीतून निघतात. स्कीइंगचे सात-आठ दिवस मिळतात, दिवसाला तीस-पस्तीस हजार. जानेवारीत जाऊ नका, 2024 चा जानेवारी तिथे जवळजवळ कोरडा गेला होता. फेब्रुवारीचा मध्य धरा. जाता-येता एकेक दिवस मोकळा ठेवा, बर्फ जोरात पडला की श्रीनगरची विमानं रद्द होतात आणि दुसरा टप्पाही बंद राहतो. हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या, परिस्थिती पाहून काश्मीरचे बेत ऐनवेळी बदलावे लागतात हे 2025 च्या एप्रिलनंतर सगळ्यांनी पाहिलंय. (औली सुचवत नाही. जागा सुंदर, पण तुम्हाला हवा तसा डोंगर तो नाही.)

एप्रिलचा बोनस पूर्ण गंगाजळीत टाका, ती साडेसात लाख होईल. शामोनीसाठी वेगळं खातं उघडा आणि 37 हजारांच्या शिलकीतले 25 हजार दरमहा दोन वर्षं आवर्ती ठेवीत टाका. साडेसहा टक्क्यांनी, कर जाऊन, सव्वासहा लाख होतील. पुढच्या वर्षीचा बोनस त्यात मिळवला की सव्वानऊ. दोन वर्षांचीच मुदत असल्यामुळे हे पैसे शेअर बाजारात नकोत, एसआयपीलाही हात लावू नका. युरोचा भाव हा खरा चोर आहे : 2025 च्या सुरुवातीला तो 90 रुपयांच्या आत होता, वर्ष संपताना शंभरीच्या वर. म्हणून वरचे लाख-दीड लाख मार्जिन म्हणून दरमहाच्या उरलेल्या बारा हजारांतून बाजूला पडू द्या.

आणि तेव्हा फेब्रुवारी टाळा. फ्रान्समधल्या शाळांची हिवाळी सुट्टी फेब्रुवारीभर, विभागाविभागाने सुरू असते, खोल्यांचे भाव तेव्हा चढतात. मार्चचा मध्य व्हाले ब्लांशसाठीही चांगला असतो, दिवस मोठा आणि हिमनदीवरच्या भेगा पुष्कळ झाकलेल्या. मुलगी तोवर सात वर्षांची असेल, वार्षिक परीक्षेच्या तारखा बघूनच तिकीट काढा, नाहीतर सासूबाईंवर अभ्यासाचाही भार येईल. विमान, घर आणि पास स्वतः बुक करा. गाईड तिथल्या गाईड संघटनेकडून घ्या, ती 1821 पासून हेच काम करतेय. संपूर्ण पॅकेज घेतलंत तर त्यावर टीसीएस (विकणाऱ्याने आगाऊ वसूल करायचा आयकर) आकारला जातो. त्याचा दर आणि मर्यादा गेल्या काही अर्थसंकल्पांत बदलत आल्या आहेत, बुकिंगच्या दिवशीचा विचारा. तो रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. तिथे खर्च करताना नेहमीचं क्रेडिट कार्ड दर व्यवहाराला दोन ते साडेतीन टक्के मार्कअप लावतं, फॉरेक्स कार्ड नेणं स्वस्त.

एजंट शनिवारपर्यंत लाखभर आगाऊ मागतोय असं तुम्ही ताजा कलम म्हणून लिहिलंय. भरू नका. आधीच काही दिलं असेल तर रद्द करण्याच्या अटी लेखी मागवा आणि व्हिसाचा अर्ज गेलेला नसताना आजच रद्द करा.