धातू मेंदूत शिरतात कसे?

प्रश्न : रक्तातील घातक पदार्थ मेंदूत जाऊ नयेत यासाठी एक अडथळा असतो, असे वाचले. मग शिसे आणि पारा तेथे पोहोचतात कसे? आणि लोहासारखे आवश्यक धातू आत कसे जातात?

उत्तर : दोन्ही प्रश्नांचे उत्तर बहुतांशी एकच आहे. हा अडथळा म्हणजे मेंदूवरचे वेगळे आवरण नव्हे. मेंदूतील केशवाहिन्यांच्या भिंतींमधील पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात की धातूंच्या आयनांना मधल्या फटींतून सहसा निसटता येत नाही. त्यांना पेशीतूनच जावे लागते आणि त्यासाठी वाहक प्रथिने लागतात. लोह रक्तात ट्रान्सफेरिन या प्रथिनाला बांधलेले असते; पेशीवरील ग्राहक प्रथिन (रिसेप्टर) ही जोडी आत ओढून घेते आणि पलीकडे, मेंदूच्या बाजूला, फेरोपोर्टिन हे वाहक प्रथिन लोह बाहेर सोडते. तांब्याचे वाहक वेगळे. त्यांपैकी एक जन्मतः सदोष असल्यास मेंकेस हा तांब्याच्या कमतरतेचा आनुवंशिक रोग होतो.

घातक धातू याच व्यवस्थेचा गैरफायदा घेतात. मिथाइल पारा, म्हणजे पाऱ्याचे एक सेंद्रिय रूप, सिस्टीन या अमिनो आम्लाशी जोडला गेला, की ती जोडी मेथिओनिन या दुसऱ्या अमिनो आम्लासारखी दिसते आणि अमिनो आम्लांचा वाहक तिला बिनदिक्कत आत नेतो. जपानमधील मिनामाता येथे १९५६ मध्ये उघडकीस आलेल्या विषबाधेत दूषित मासे खाणाऱ्यांच्या मज्जासंस्थेची जी हानी झाली, ती याच रूपातील पाऱ्याने. मेंदूत त्यातील काही भागाचा असेंद्रिय पारा होतो आणि तो तेथून फार सावकाश बाहेर पडतो.

मँगनीजचे प्रकरण मात्र अधिक गुंतागुंतीचे आहे. तो आवश्यक धातू आहे. परंतु वेल्डिंगच्या धुरातून श्वासावाटे गेल्यास त्याचा काही अंश, यकृताला वळसा घालून, गंधचेतेमार्गे थेट मेंदूत जाऊ शकतो. अतिरिक्त मँगनीज पित्तावाटे बाहेर टाकण्याचे काम यकृताचे असल्याने, यकृत निकामी झालेल्या रुग्णांत धुराचा संबंध नसतानाही तो मेंदूच्या खोल भागात साठतो आणि कंपवातासारखी लक्षणे दिसू शकतात.

शिसे कॅल्शियमची नक्कल करते, म्हणून ते हाडांत वर्षानुवर्षे साठून राहते आणि चेतापेशींच्या संदेशवहनातही ढवळाढवळ करते. शरीरात लोह कमी असल्यास आतड्यातील लोहवाहक वाढतात आणि त्यांच्यावाटे मँगनीजचे शोषणही वाढते. लोहाची कमतरता असलेल्या मुलांत शिशाचा धोकाही अधिक मानला जातो. म्हणूनच मुलाच्या रक्तात शिसे आढळले, तर लोहाची तपासणीही करून घेणे योग्य ठरते.