जुनी पिकअप, घरची दुरुस्ती : वाचकांचे प्रश्न

इंदूर, राऊ आणि महूच्या वाचकांची या वेळची पत्रं जुन्या डिझेल पिकअपबद्दल आहेत. उत्तरं यांत्रिक डिझेल पंपाच्या गाड्या धरून दिली आहेत. तुमची गाडी कॉमन रेलची (संगणकाने चालणाऱ्या नव्या पद्धतीच्या डिझेल इंजिनाची) असेल तर इंजिनाजवळच्या डिझेल पाइपांना घरी हात लावू नका. त्या पाइपांत हजार बारच्याही वर दाब असतो आणि तेवढ्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत जाते.

प्रश्न : २००७ सालची पिकअप आहे. सकाळी सात-आठ वेळा सेल्फ मारावा लागतो, पण एकदा चालू झाली की दिवसभर एका सेल्फमध्ये घेते. आधी बॅटरी बदलून झाली, मग इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलचं काम झालं. फरक नाही. आता मेकॅनिक डिझेल पंप उतरवायचं म्हणतो. उतरवू का?
– एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : इतक्यात नको. रात्रभर उभी राहिल्यावरच त्रास आणि दिवसभर काही नाही, हे लक्षण बहुतेक वेळा डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरत असल्याचं असतं. टाकी मागे आणि खाली, पंप पुढे आणि वर. मधे कुठे बारीकशी फट असली की रात्रीतून डिझेल टाकीकडे उतरतं आणि त्याची जागा हवा घेते. गंमत म्हणजे ही फट गळत नाही. टाकीपासून पंपापर्यंतच्या लाइनमधून डिझेल ओढलं जातं, त्यामुळे ते बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. खाली डाग नाही म्हणून लाइन चांगली, असं समजू नका.

पैसे न घालता दोन परीक्षा करता येतात. एका रात्री गाडीचं तोंड उताराकडे करून लावा. सकाळी लवकर चालू झाली तर संशय पक्का. दुसरी अशी : सकाळी सेल्फ मारण्याआधी फिल्टरजवळचा हॅन्ड प्रायमर (डिझेल पुढे ढकलायचा हाताचा छोटा पंप) दाबत राहा. चांगल्या लाइनमध्ये तो थोड्याच दाबांत कडक होतो. बराच वेळ मऊ लागला, मग कडक झाला आणि त्यानंतर गाडी पहिल्याच सेल्फला उठली, तर पंपाचा दोष नाही.

फट शोधायला पंपाच्या आधीच्या रबरी पाइपाच्या जागी फूटभर पारदर्शक, डिझेलला टिकणारा पाइप क्लिप लावून बसवा आणि गाडी चालू ठेवून बघा. बुडबुडे दिसले की हाच पाइप एकेक जोड मागे सरकवत टाकीकडे जा. ज्या जोडाच्या पुढे बुडबुडे आहेत आणि मागे नाहीत, तिथे फट. नेहमीच्या जागा म्हणजे टाकीवरचा रबरी पाइप (वाळून त्याला चिरा पडतात), फिल्टरचं रबरी रिंग, बँजो बोल्टचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर, हॅन्ड प्रायमर स्वतः, आणि चॅसिसला क्लिपने धरलेला लोखंडी पाइप. हा शेवटचा क्लिपच्या खालीच गंजतो. क्लिप सोडल्याशिवाय दिसत नाही, म्हणून बहुतेक जण तो तपासतच नाहीत.

तांब्याचे वॉशर दर वेळी नवे घाला. एका बोल्टला दोन लागतात, डोक्याकडून एक आणि खालून एक. नवे हाताशी नसतील तर जुने लालबुंद तापवून थंड होऊ द्या, तांबं पुन्हा मऊ होतं आणि बसतं. थंड झाल्यावर काळी पापडी बारीक पॉलिश पेपरने काढा.

काम झाल्यावर हवा काढा. फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू दोन आटे सैल करा, बुडबुड्यांशिवाय सलग डिझेल येईपर्यंत प्रायमर मारा, प्रायमर दाबलेला असतानाच स्क्रू आवळा. मग पंपावरच्या स्क्रूचं तसंच करा. तरीही उठली नाही तर दोन नोझलचे नट अर्धा आटा सैल करून सेल्फ मारा आणि डिझेल आलं की आवळा. या वेळी हात आणि चेहरा नटापासून लांब ठेवा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको आणि मधे अर्धा मिनिट थांबा, नाहीतर सेल्फ जळेल.

बुडबुडे मुळीच दिसले नाहीत तर मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. सेल्फ मारताना ती ९.६ च्या खाली गेली तर बॅटरी कमजोर आहे. बॅटरी नवी असूनही सेल्फ जड फिरत असेल तर मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी इंजिनाच्या मोकळ्या लोखंडाला लावून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगची पट्टी खराब. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे सेल्फचा सगळा करंट त्या पट्टीतूनच परततो. दोन्ही टोकं खरवडून स्वच्छ करा आणि पट्टी आवळा. नवी बॅटरी घेण्याआधी ही मोजणी व्हायला हवी होती.

प्रश्न : धामनोदकडे माल घेऊन जाताना मानपूरच्या पुढे घाट उतरताना ब्रेकचं पेडल खोल खोल जातं. खाली थांबून अर्धा तास गेला की पुन्हा ठीक. ऑइलची पातळी पूर्ण आहे, रिकाम्या गाडीत काहीच जाणवत नाही. घरी काय काय बघता येईल? लायनर स्वतः बदलले तर चालेल का?
– एक वाचक, महू

उत्तर : हे पत्र सगळ्यांत तातडीचं आहे. त्याच वाटेवरच्या गणेश घाटात ब्रेक निकामी होऊन किती अपघात झाले, ते त्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. दुरुस्ती होईपर्यंत या गाडीत माल भरून घाट उतरू नका.

गार असताना पेडल चांगलं आणि तापल्यावर खोल, याची कारणं दोन आणि बहुतेकदा ती जोडीने असतात. पहिलं म्हणजे ऑइल. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. नव्या डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो, ओल शोषलेल्याचा १४० पर्यंत उतरतो. डॉट ४ मध्ये हेच आकडे २३० आणि १५५. घाटात व्हील सिलिंडर (चाकातला, ऑइलच्या दाबाने ब्रेक लावणारा भाग) तापला की जुनं ऑइल उकळून त्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते म्हणून पेडल खाली जातं. गार झाल्यावर वाफेचं पुन्हा ऑइल होतं, त्यामुळे पातळी कधी कमी दिसतच नाही. दुसरं कारण ड्रम. तापलेला ड्रम (चाकाबरोबर फिरणारा लोखंडी डबा) फुगतो आणि शूपासून (आतून ड्रमवर दाबले जाणारे अर्धगोल तुकडे, त्यांवरचं घासणारं अस्तर म्हणजे लायनर) लांब जातो. शू आधीच सैल असतील तर पेडलचा उरलासुरला प्रवासही संपतो.

पेडल काय सांगतं ते नीट बघा. दुसऱ्यांदा मारल्यावर वर येत असेल तर मागचे शू सैल आहेत. पाय रोखून धरल्यावर हळूहळू खाली बसत असेल आणि बाहेर कुठेही ओल नसेल तर मास्टर सिलिंडरचे (पेडलजवळच्या, ऑइलला दाब देणाऱ्या मुख्य सिलिंडरचे) रबर आतून सोडतायत. स्पंजासारखं लागत असेल तर लाइनमध्ये हवा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर एखादा व्हील सिलिंडर जाम किंवा एका लायनरवर तेल.

लायनर घरी बदलता येतात, पण सपाट, कडक जमीन हवी. पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावा, हँडब्रेक सोडा, जॅक लावून मागच्या ॲक्सलखाली घोडी (भार पेलणारा लोखंडी स्टँड) द्या. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून तिच्याखाली कधीही जाऊ नका. ड्रम निघाला की आतली धूळ फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या कापडाने पुसा. रिव्हेटच्या डोक्यावर दीड मिलिमीटरपेक्षा कमी लायनर उरलं असेल तर बदला, आणि दोन्ही चाकांचे बरोबर बदला. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो. झीज त्याच्या पुढे गेली असेल तर लेथवर देऊन उपयोग नाही, नवा ड्रमच घ्या.

लायनर तेलाने भिजलं असेल तर ते पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवायची पद्धत आहे, ती सोडा. तापल्यावर आत मुरलेलं तेल परत वर येतं. तेल कशाचं आहे ते आधी ओळखा. ब्रेक ऑइल पातळ असतं आणि पाण्याने धुतलं जातं. डिफरेन्शियलचं (मागच्या ॲक्सलमधल्या गिअरचं) तेल घट्ट असतं आणि त्याला गंधकाचा वास येतो. ब्रेक ऑइल निघालं तर व्हील सिलिंडरचं रबरी किट. डिफरेन्शियलचं निघालं तर ऑइल सील बदलाच, पण त्याआधी ॲक्सलच्या माथ्यावरचा छोटा ब्रीदर (हवा जायचं तोंड) बघा. तो चिखलाने बुजला की गरम हवेला वाट राहत नाही आणि ती तेलाला सीलबाहेर ढकलते. ब्रीदर मोकळा न करता घातलेलं नवं सील थोड्याच दिवसांत पुन्हा गळतं.

रबरी किट धुवायला डिझेल, पेट्रोल किंवा इंजिन ऑइल वापरू नका. रबर फुगतं आणि सिलिंडर जाम होतो. ताज्या ब्रेक ऑइलनेच धुवा.

शू आवळताना ॲडजस्टर चाक अडेपर्यंत फिरवा, मग चाक हाताने फिरेल आणि किंचित घासल्याचा आवाज येईल इतपत मागे घ्या.

यानंतर सगळं ऑइल बदला. एक लिटर लागेल. सीलबंद बाटली घ्या. गॅरेजमधल्या उघड्या डब्यातलं ऑइल आधीच ओल प्यालेलं असतं. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत क्रम असा : मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. चाकाच्या सिलिंडरवरच्या, हवा काढायच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवा. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल उघडून बंद करायचं, आणि ‘बंद’ ऐकल्याशिवाय पहिल्याने पाय उचलायचा नाही. रंग बदलून स्वच्छ ऑइल येईपर्यंत चालू ठेवा आणि वरची टाकी रिकामी होऊ देऊ नका. पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवा. जुन्या मास्टर सिलिंडरचा शेवटचा भाग कधी वापरात नसल्याने तिथे गंज असतो. पेडल पूर्ण खाली गेलं की रबर त्या गंजावर घासून फाटतं आणि चांगलं असलेलं मास्टर सिलिंडर त्याच दिवशी जातं.

मागच्या ॲक्सलजवळ दांडीने जोडलेला भाराचा व्हॉल्व्ह असेल तर घोडी ॲक्सलखालीच द्या, चॅसिस उचलू नका. चॅसिस उचलली की व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि तो मागचा दाब तोडतो. मग मागची हवा निघता निघत नाही.

फॅन बेल्टही बघा. बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेक बूस्टरचा (पेडल हलकं करणाऱ्या भागाचा) व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या मागे असतो. बेल्ट तुटला की चार्जिंगबरोबर बूस्टरही जातो आणि पेडल दगडासारखं होतं. बूस्टर तपासायला इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा मारा, दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली बसलं तर बूस्टर चालतोय.

काम झाल्यावर आधी रिकाम्या रस्त्यावर, कमी वेगात, मग अर्ध्या भाराने परीक्षा घ्या. घाट ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर सतत पाय ठेवू नका. दाबून वेग कमी करायचा, सोडायचा, ड्रमला गार व्हायला वेळ द्यायचा. न्यूट्रल कधीच नाही. मास्टर सिलिंडर स्वतः खोलायचा अनुभव नसेल तर ते एक काम मात्र जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्या.

प्रश्न : निमाडातून इंदूरकडे घाट चढताना गाडी तापते. मेकॅनिकने थर्मोस्टॅट काढून टाकला, तरी तापतेच. बोअरिंगचं पाणी घालतो.
– एक वाचक, राऊ

उत्तर : पाणी हाच निम्मा दोष. माळव्यातल्या बोअरिंगचं पाणी जड, त्याचा पांढरा थर रेडिएटरच्या नळ्यांत आणि इंजिनात बसतो आणि उष्णता बाहेर पडू देत नाही. नळाला नर्मदेचं पाणी येत असलं तरी तेही घालू नका. बॅटरीसाठी मिळतं तसं डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं निम्मं घ्या.

थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) परत बसवा. तो काढल्यावर इंजिन गार राहून डिझेल जास्त पितं आणि सिलिंडर लवकर झिजतात. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट नसला की बरंचसं पाणी रेडिएटर टाळून बायपासनेच फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते. नवा बसवण्याआधी पातेल्यातल्या पाण्यात दोरीने लटकवून तापवा. त्यावर कोरलेल्या अंशाला (बहुधा ८२ च्या आसपास) तो उघडू लागला पाहिजे.

मग रेडिएटरचं झाकण. समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवरच्या इंदुरात साधं पाणी ९८ अंशांलाच उकळतं. ०.९ बारचं चांगलं झाकण ते ११८ पर्यंत रोखतं. रबर कडक झालेलं झाकण हे २० अंश फुकट घालवतं, आणि या कामातला सगळ्यांत स्वस्त पार्ट तोच आहे. इंजिन गरम असताना झाकण मात्र उघडू नका.

मंडीत जाणाऱ्या गाड्यांच्या रेडिएटरच्या जाळीत कांदा-लसणाची सालं आणि भुसा अडकतो. पाणी मारायचं ते इंजिनाच्या बाजूने पुढे, आणि मंद धारेने. प्रेशरने पातळ पत्रे वाकतात. बेल्ट अंगठ्याने दाबल्यावर १० ते १२ मिलिमीटर दबावा. वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकातून ओघळ दिसला तर पंपाचं सील गेलंय.

हे सगळं ठीक असून कूलंट रोज कमी होत असेल आणि धूर पांढरा, गोडसर वासाचा येत असेल तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालची सीलची पट्टी) तपासून घ्या, गाडी तशीच पळवू नका.

प्रश्न : काळा धूर येतो, ॲव्हरेजही घटला. पंपाची सेटिंग करावी का?
– एक वाचक, देवास नाका, इंदूर

उत्तर : आधी एअर फिल्टर. तो बाहेर काढून उजेडासमोर धरा; आरपार उजेड दिसत नसेल तर बदला. टर्बो असेल तर त्याचे रबरी पाइप क्लिपजवळ चिरले आहेत का, ते हाताने वाकवून बघा. त्यानंतर नोझल टेस्टिंगला द्या. पंपाचं सील तोडून सेटिंग करणं सगळ्यांत शेवटी, आणि तेही पंपवाल्याच्या बेंचवर.

प्रश्न : भार जास्त असतो म्हणून मागच्या कमानीत (पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये) दोन पाटे वाढवायचे आहेत. घरी जमेल का?
– एक वाचक, राऊ

उत्तर : जमेल, पण करू नका. पाटे वाढवल्याने गाडी बसत नाही एवढंच. ॲक्सलची बेअरिंगं, चॅसिस, टायर आणि ब्रेक मूळ भाराचेच राहतात. तुटलेला किंवा बसलेला पाटा त्याच जाडीचा बदला. काम काढलंच आहे तर सेंटर बोल्ट बघा. तो तुटला की ॲक्सल मागेपुढे सरकतो आणि गाडी तिरपी चालते. पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यांमधलं अंतर दोन्ही बाजूंनी टेपने मोजा, फरक लगेच कळतो. यू-बोल्ट नवेच घाला, चारही नट थोडे थोडे आडव्या क्रमाने आवळा, आणि ५०० किलोमीटरनंतर गाडी भरलेली असताना पुन्हा आवळा.