साड्यांच्या दुकानातील दिव्यांची रचना अपंग ग्राहकांना सोयीची कशी करावी?

शहापुरात साड्यांचे नवे दुकान काढताना अपंग ग्राहकांच्या सोयीसाठी किती वॅटचे दिवे लावावेत आणि खर्च किती वाढेल, असे आपण विचारले आहे. वॅटपासून सुरुवात केलीत तर पुढचे सगळे चुकेल. कमी दिसणारा माणूस दुकानात अडखळतो तो बहुधा चकाकीमुळे आणि लख्ख उन्हातून एकदम मंद उजेडात यावे लागते म्हणून.

मी बेळगावात वायरिंगची कामे घेतो, आणि माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. या आजारात बहुधा आधी रात्रीचे दिसेनासे होते, मग दृष्टीचा घेर कडेने आकसत जातो, आणि उन्हातून आत आल्यावर डोळे स्थिरावायला इतरांपेक्षा फार वेळ लागतो. भाचीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही खडेबाजारातील एका नव्या दुकानात गेलो होतो. दाराशी शोभेसाठी उजेड मंद ठेवलेला, आत काळ्या ग्रॅनाइटची गुळगुळीत पायरी, तिच्यावर उघडे स्पॉट, म्हणजे एकाच जागी झोत टाकणारे दिवे, आणि त्यांची प्रतिबिंबे दगडात. अक्का दारातच थांबली. मालक सज्जन होते, त्यांनी पुढे येऊन तिचा हात धरला आणि “एवढा उजेड असून दिसत नाही का हो?” असे आपुलकीनेच विचारले. रंगांची पारख आमच्या घरात अक्काइतकी कोणालाच नाही, पण त्या दिवशी “तुम्हाला आवडेल ते घ्या” म्हणून ती स्टुलावर बसून राहिली आणि तिने एकही साडी स्वतः निवडली नाही.

त्या दुकानाचे काम करणारा डिझायनर पुढे दुसऱ्या एका कामावर भेटला, तेव्हा मी हे सारे त्याच्यापुढे मांडले. “अशी गिऱ्हाइके दिवसाला येतात किती?” एवढेच तो म्हणाला. साठीतील माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतील माणसाच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो आणि मोतीबिंदू असल्यास समोरचा झोत डोळ्यातच विखुरतो. बस्त्याच्या साड्या पसंत करतात त्या याच वयाच्या बायका. शिवाय माणसे मोजून सोय करावी, हे मला मुळातच मान्य नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ खाजगी सेवा देणाऱ्यांनाही लागू आहे, आणि सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीपुरते ठेवता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रातुरी खटल्यात सांगितले आहे.

तेव्हा दारापासून आतपर्यंतचा उजेड टप्प्याटप्प्याने उतरवा, दिव्यांना उजेड पसरवणारे दुधी झाकण, म्हणजे डिफ्युझर, लावा, फरशी मॅट घ्या आणि पायरीच्या कडेला ५० मिमी रुंदीची विरोधी रंगाची पट्टी बसवा. गल्ल्यामागे खिडकी किंवा उजळलेले कपाट ठेवू नका, कारण ओठ पाहून बोलणे समजून घेणाऱ्या कर्णबधिर ग्राहकाला मग बोलणाऱ्याची काळी आकृतीच दिसते. उजेड बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर हवा. चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्याची नजर खालून वर जाते, म्हणून कललेले स्पॉट एकदा खुर्चीत बसून तपासा. एलईडी दिव्याला वीज पुरवणाऱ्या भागाला ड्रायव्हर म्हणतात; स्वस्त ड्रायव्हरचे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. ते डोळ्यांना जाणवले नाही तरी काहींचे डोके त्याने दुखते, आणि बिघडलेला ड्रायव्हर हळू उघडझाप करू लागला तर अपस्मार असलेल्या काहींना झटका येऊ शकतो. असा दिवा त्याच दिवशी बदला.

आकडा हवाच असेल तर साड्या उलगडण्याच्या जागी साधारण ५०० लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे माप), उजेडाचा रंग ४००० केल्विनचा, म्हणजे ना पिवळट ना निळसर, आणि सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी आकडा, ९० च्या वर ठेवा. खर्चाबाबत इतकेच सांगतो की हे सारे फॉल्स सीलिंग बंद होण्यापूर्वी ठरवले तर तो थोडाच वाढतो. नंतर छत फोडावे लागते.

एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या. सर्वांचे डोळे सारखे नसतात. अक्काला हवा तेवढा उजेड वर्णहीनता, म्हणजे त्वचेत, केसांत आणि डोळ्यांत रंगद्रव्य नसणे किंवा फार कमी असणे, असलेल्या माणसाला सोसणार नाही. म्हणून गाद्यांवरच्या दिव्यांची सर्किटे वेगळी करून त्यांना चांगल्या प्रतीचा डिमर, म्हणजे उजेड कमीजास्त करणारे बटण, द्या, आणि छत बंद करण्याआधी तात्पुरते दिवे टांगून कमी दिसणाऱ्या दोन-तीन माणसांना दुपारच्या उन्हातून आत बोलवा. डिझायनरने किती गिऱ्हाइके येतात असे विचारले, तर त्यालाही त्यांच्यासोबत उभे करा. पायरीवरचा दिवा मात्र कोणी कितीही आग्रह केला तरी डिमरवर घेऊ नका.