लीगमध्ये सगळ्यात वर असलेली टीम प्लेऑफच्या पहिल्याच राउंडला हरते ती कशी?

तुमचा प्रश्न असा आहे की २०२३ ला बोस्टन ब्रुइन्सने एनएचएलच्या (उत्तर अमेरिकेतली आईस हॉकीची मोठी लीग) सीझनमध्ये ८२ पैकी ६५ मॅचेस जिंकल्या, १३५ पॉइंट्सचा रेकॉर्ड केला, आणि मग पहिल्याच राउंडला ९२ पॉइंट्सवाल्या फ्लोरिडा पँथर्सविरुद्ध ३-१ ने पुढे असताना सिरीज घालवली, तर हे नुसतं नशीब की दबावाखाली टीम ढेपाळली, आणि अशा वेळी कोच, खेळाडू सगळं बदलून टाकावं का. मी बरीच वर्षं हॉकी बघतोय आणि जीव टाम्पा बे लाइटनिंगवर आहे, त्यामुळे हा प्रश्न मला २०१९ पासून छळतोय. माझं मत असं की नशीब तर असतंच आणि चांगलंच असतं, पण मुख्य कारण हे की दुबळी समजली जाणारी टीम फेव्हरिटला अशी मॅच खेळायला लावते जी फेव्हरिटवर कित्येक महिन्यांत खेळायची वेळच आलेली नसते.

आधी नशिबाचं उरकून टाकतो. आईस हॉकीत गोल कमी होतात, एका टीमचे मॅचला साधारण तीनच्या आसपास, म्हणजे कुणाच्या स्केटला लागून वळलेला एक पक (बॉलऐवजी असते ती रबरी चकती) अख्खी मॅच फिरवतो. समजा एक टीम इतकी सरस आहे की प्रत्येक मॅच जिंकायची तिची शक्यता ६० टक्के. तरी सातपैकी चार जिंकायच्या सिरीजमध्ये ती जिंकण्याची शक्यता ७१ टक्केच येते, उरलेले २९ टक्के समोरच्याचे. आणि तो आकडा ५५ टक्क्यांवर आला, जो दोन चांगल्या टीम्समध्ये सहज येतो, तर सिरीज जिंकायची शक्यता ६१. म्हणजे असे धक्के दर काही वर्षांनी बसणारच, ह्यात चमत्कार वगैरे काही नाही. त्यात सीझनमध्ये बरोबरी झाली की ओव्हरटाइम पाच मिनिटांचा, तीन विरुद्ध तीन, आणि तरी नाही सुटलं तर शूटआउट, तिथे वेगवान स्टार खेळाडूंना मोकळं मैदान मिळतं आणि पॉइंट्स गोळा होतात. प्लेऑफमध्ये मात्र पाच विरुद्ध पाच, वीस-वीस मिनिटांचे पिरियड, पहिला गोल होईपर्यंत. तिथे मोकळी जागा मिळतच नाही.

आता मुद्द्याचं. सीझनमध्ये आज एका शहरात, परवा दुसऱ्या, समोर दरवेळी वेगळी टीम, मधे एखादा दिवस आणि तोही प्रवासात जातो, तुमच्यासाठी खास तयारी करायला कुणाकडे वेळच नसतो. मग ज्या टीमकडे जास्त कौशल्य आहे ती आपला नेहमीचा खेळ खेळते आणि बहुतेक वेळा जिंकते. सिरीजमध्ये दोन आठवडे एकच टीम समोर. तिचे कोच रोज रात्री तुमचा व्हिडिओ बघतात, तुमचा डिफेन्समन दबाव आला की पक कुठल्या बाजूने बाहेर काढतो, पॉवर प्लेमध्ये तो शेवटचा पास कुणाकडे जातो, सगळं. (पॉवर प्ले म्हणजे समोरच्याचा खेळाडू पेनल्टीत बाहेर बसलेला असताना तुम्ही पाच आणि ते चार.) त्यांना तुमच्यापेक्षा चांगली टीम व्हायचं नसतं, तुमची एक-दोन आवडती कामं बंद पाडली की त्यांचं भागतं.

२०१९ च्या टाम्पाचंच बघा, कारण ती सिरीज मला अजून पाठ आहे. ६२ विजय, १९९५-९६ च्या डेट्रॉईटशी बरोबरी, १२८ पॉइंट्स, कुचेरोव लीगचा टॉप स्कोरर, लीगमधला सगळ्यात भारी पॉवर प्ले, गोलमध्ये व्हॅसिलेव्स्की ज्याला त्या वर्षी बेस्ट गोलीची, म्हणजे गोलकीपरची, व्हेझिना ट्रॉफी मिळाली. समोर कोलंबस ब्लू जॅकेट्स, ९८ पॉइंट्स, शेवटच्या जागेवरून आत आलेली, आणि २००० साली सुरू झाल्यापासून प्लेऑफची एकही सिरीज न जिंकलेली टीम. पहिल्या मॅचला घरच्या मैदानावर पहिल्या पिरियडनंतर टाम्पा ३-० ने पुढे, आणि मॅच हरली ४-३. त्यातला बरोबरीचा गोल कसा आला बघा, पॉवर प्ले टाम्पाचा, म्हणजे एक माणूस जास्त टाम्पाचा, आणि गोल केला कोलंबसच्या जॉश अँडरसनने. मग सेथ जोन्सने चौथा घातला. तिथून जे सुरू झालं ते ५-१, ३-१, ७-३ आणि चारच मॅचमध्ये खेळ खलास. सीझनमध्ये पहिला नंबर काढणाऱ्या टीमला प्रेसिडेंट्स ट्रॉफी मिळते, ती जिंकलेली टीम पहिल्याच राउंडला एकही मॅच न जिंकता बाहेर, असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

लोक सरसकट म्हणतात टाम्पाने चोक केलं, म्हणजे दबावाखाली ढेपाळली. मला हे पटत नाही, कारण त्याने कोलंबसने काय केलं ते झाकलं जातं. कोलंबसचा कोच जॉन टॉर्टोरेलाच्या टीमने मैदानाच्या मधल्या भागात रस्ताच बंद केला आणि पक खोलवर टाकून टाम्पाच्या डिफेन्समनवर धावून जायचं ठरवलं, एकदा नाही, प्रत्येक वेळी. टाम्पाचा सगळा खेळ वेगात पक बाहेर काढून समोरच्या झोनमध्ये पासवर पास करण्यावर उभा होता, तो वेगच मिळाला नाही. अशा वेळी साधं खेळावं लागतं, पक बोर्ड्सवरून (मैदानाच्या कडेच्या भिंतींवरून) बाहेर मारा, समोरच्याच्या कोपऱ्यात टाका, मागून जाऊन अंगाला अंग लावून परत मिळवा. टाम्पाला ते येत नव्हतं असं नाही, पण प्रेसिडेंट्स ट्रॉफी मार्चमध्येच पक्की झाली होती आणि तसं खेळायची गरजच पडली नव्हती. उलट कोलंबस शेवटच्या आठवड्यापर्यंत आत की बाहेर ह्यासाठी झगडत होती, म्हणजे त्यांचे प्लेऑफ आधीच सुरू झाले होते. त्यात कुचेरोवने दुसऱ्या मॅचमध्ये चिडून एकाला बोर्डवर आपटलं आणि तिसऱ्या मॅचसाठी त्याच्यावर बंदी आली, टाम्पाचा डिफेन्समन हेडमन दुखापतीने शेवटच्या दोन मॅचेस बाहेर. आणि तो लीगमधला सगळ्यात भारी पॉवर प्ले अख्ख्या सिरीजमध्ये सहा संधींत एक गोल, कोलंबसचे दहात पाच. चार मॅचमध्ये फक्त सहा संधी, हेही लक्षात घ्या. कोलंबसने पेनल्टी फारशा घेतल्याच नाहीत, म्हणजे सगळ्यात धारदार हत्यार म्यानातच राहिलं.

दुसरी गोष्ट गोलीची, आणि इथे मात्र कितीही व्हिडिओ बघून उपयोग नसतो. २०१० चे वॉशिंग्टन कॅपिटल्स, १२१ पॉइंट्स, सीझनमध्ये ३०० हून जास्त गोल, ओव्हेचकिनचेच ५०. समोर ८८ पॉइंट्सचे मॉन्ट्रियल. वॉशिंग्टन ३-१ ने पुढे होते, आणि तोवर मॉन्ट्रियलचा गोली यारोस्लाव्ह हलाक इतका चालत नव्हता की चौथ्या मॅचला त्याला बसवून केरी प्राइसला खेळवलं होतं. पाचव्या मॅचला हलाक परत आला आणि पुढच्या तीन मॅचेसमध्ये त्याने १३४ पैकी १३१ शॉट अडवले. सहाव्या मॅचला एकट्याने ५३ सेव्ह. वॉशिंग्टनला तिन्ही मॅचेसमध्ये एकेकच गोल मिळाला. सिरीजभर त्यांचा पॉवर प्ले ३३ संधींत एक गोल, आणि सीझनमध्ये हाच पॉवर प्ले चार संधींमागे एक गोल करायचा! सीझनमध्ये ४० गोल करणारा सेमिन सात मॅचेसमध्ये शून्यावर.

पण इथेही सगळं श्रेय एकट्या गोलीला देऊ नका. मॉन्ट्रियलचे खेळाडू गोलसमोरच्या जागेत गर्दी करून उभे राहायचे, शॉटच्या मधे स्वतःचं अंग घालायचे, आणि वॉशिंग्टनला लांबून, कडेने मारायला लावायचे. ५४ शॉट हा आकडा ऐकायला जबरदस्त वाटतो, पण त्यातले बरेच असे असतात की गोलीला पक नीट दिसतोय. गोल होत नाही म्हटल्यावर फेव्हरिट काय करतं तर तेच, आणखी जोरात. अजून शॉट, अजून लांबून. आणि वेळ जातो तसे त्यांचे हात जड होतात, हे टीव्हीवर बघतानाही कळतं. म्हणून स्कोरबोर्डवरच्या शॉट्सपेक्षा शॉट कुठून येतायत ते बघावं, त्यात जास्त समजतं.

(१९८२ ला लॉस एंजेलिस किंग्जने ग्रेट्झकीच्या एडमंटनला हरवलं तेव्हा पॉइंट्स होते ६३ विरुद्ध १११, एका मॅचमध्ये तर ५-० ने मागे पडून तिसऱ्या पिरियडमध्ये बरोबरी आणि ओव्हरटाइममध्ये ६-५. पण ती पाच मॅचची सिरीज होती, तेवढी छोटी सिरीज असली की काहीही होतं, म्हणून मी त्यावर जास्त अवलंबून राहत नाही.)

आता तुमचं बोस्टन. पहिलं म्हणजे फ्लोरिडाला दुबळी टीम म्हणणंच चुकीचं होतं. आदल्याच सीझनला, २०२१-२२ ला, प्रेसिडेंट्स ट्रॉफी जिंकली होती ती ह्याच फ्लोरिडाने, १२२ पॉइंट्स करून, आणि दुसऱ्या राउंडला टाम्पाने त्यांना ४-० ने पाणी पाजलं. त्यानंतर त्यांनी ह्युबर्डोसारखा स्टार देऊन मॅथ्यू कचकला आणलं आणि पॉल मॉरिसला कोच केलं, म्हणजे जाणूनबुजून प्लेऑफसाठी बांधलेली टीम होती ती, सीझनमध्ये घडी बसायला वेळ लागला म्हणून ९२ पॉइंट्स. पुढे त्याच टीमने २०२४ आणि २०२५ ला स्टॅनली कप, म्हणजे प्लेऑफचं विजेतेपद, जिंकला. पॉइंट टेबलवर हे कुठून दिसणार?

बोस्टनच्या बाबतीत दुखापतीचं कारण खूप सांगितलं जातं, कॅप्टन बर्जरॉनला सीझनच्या शेवटच्या मॅचमध्ये लागलं आणि तो पहिल्या चार मॅचेस खेळला नाही. पण त्या चारपैकी तीन बोस्टनने जिंकल्या, आणि तो परत आल्यावर तीनही हरल्या! तो पाठीचं दुखणं घेऊन खेळत होता हे खरं, तरी फक्त दुखापतीवर खापर फोडता येत नाही. मला वाटतं खरं दुखणं होतं स्वतःच्या झोनमध्ये पक गमावण्याचं. फ्लोरिडाचे फॉरवर्ड न थकता अंगावर येत राहिले आणि सीझनभर जी टीम इतकी नीटनेटकी होती ती घाईत पास द्यायला लागली. पाचव्या मॅचच्या ओव्हरटाइममध्ये गोली उलमार्क पक खेळायला गोलच्या मागे गेला, तिथे गडबडला आणि कचकने गोल घातला. सहावी मॅच ७-५, तिसऱ्या पिरियडमध्ये बोस्टन पुढे असतानाही. सातव्या मॅचला तर ०-२ वरून ३-२ पर्यंत आले, एकच मिनिट राहिलं होतं, तेव्हा माँटूरने बरोबरी केली आणि ओव्हरटाइममध्ये व्हरहेगीने संपवलं. हातातोंडाशी आलेला घास गेला म्हणतात तो हाच.

आणि गोलीचा निर्णय. सीझनभर उलमार्क आणि स्वेमन आलटून पालटून खेळले, दोघेही ताजे राहिले, छान चाललं होतं. प्लेऑफमध्ये ती पद्धत सोडून सहाही मॅचेस उलमार्कला आणि मग एकदम सातव्या मॅचला स्वेमन. त्याने काही वाईट खेळ केला नाही, पण दोन आठवडे बसलेल्या पोराला थेट सातव्या मॅचला उभं करणं मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही नाही. जे काम करत होतं ते सोडायचं कशाला?

राहिला बदलाचा प्रश्न. चार किंवा सात मॅचेस बघून टीम मोडू नये असं माझं ठाम मत आहे. वॉशिंग्टनने २०१० नंतर आपला आक्रमक खेळच गुंडाळून बचावावर भर दिला आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या राउंडला ४-० ने हरले. टाम्पाने मात्र कोच जॉन कूपरला ठेवलं, कुचेरोव, हेडमन, ब्रेडन पॉइंट, स्टॅमकोस, व्हॅसिलेव्स्की सगळे ठेवले, फक्त जे कमी पडलं होतं तेवढं आणलं, म्हणजे पॅट मरून, ब्लेक कोलमन, बार्कले गुड्रो असे कोपऱ्यात जाऊन भिडणारे आणि शॉटसमोर अंग टाकणारे खेळाडू.

२०२० ला पहिल्याच राउंडला परत कोलंबस समोर आली, टोरंटोत, प्रेक्षकांशिवाय. पहिली मॅच पाच ओव्हरटाइमपर्यंत गेली, कोलंबसच्या कोर्पिसालोने ८५ सेव्ह केले जो रेकॉर्ड आहे, म्हणजे गोली चाललेला आणि कोलंबस तशीच चिवट, सगळी परिस्थिती अगदी आदल्या वर्षीसारखी. पण ह्या वेळी टाम्पाने घाई केली नाही, पक खोलवर टाकत राहिले, मागून जात राहिले, आणि शेवटी ब्रेडन पॉइंटने ३-२ केलं. सिरीज ४-१ ने जिंकली, पाचव्या मॅचचा ओव्हरटाइम गोलही पॉइंटचाच. त्या वर्षी कप टाम्पाचा, आणि २०२१ लाही.