पांढरी चार, पांढरी पाच आणि घरच्यांचा नर्सिंगचा आग्रह

पत्राचा गोषवारा: मी वीस वर्षांची आहे, नाशिकला शरणपूर रोड भागात राहते. इंग्रजी विषय घेऊन बी.ए. करते आहे, आत्ता एस.वाय.ला. बारावी आर्ट्समधूनच केली. आई खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स, बाबा सातपूरला कंपनीत, घरी आजी आणि दहावीतला भाऊ. चर्चमध्ये मी कीबोर्ड वाजवते. नोटेशन येत नाही, कानाने आणि कॉर्ड धरून वाजवते. संडे स्कूलला शिकवते, नाताळात केकच्या ऑर्डरी घेते. आत्या आणि दोन्ही मावश्या नर्स आहेत. सगळ्यांचं एकच, 'बी.एस्सी. नर्सिंग कर आणि मोकळी हो.' मला संगीतात काहीतरी करायचं आहे, पण घरकाम आणि चर्च यांतून वेळच उरत नाही. माझ्या छंदांपैकी नेमका कुठला धरू? (नाव छापू नये ही विनंती.)

प्रिय मुली,

आधी नर्सिंगचा विषय संपवू, कारण तो तुझ्या घरात विनाकारण रेंगाळतो आहे. बी.एस्सी. नर्सिंगला बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं. तू आर्ट्सची. म्हणजे मावशी ज्या दारातून जा म्हणते आहे ते दार तुझ्यासाठी बंद आहे. आर्ट्सवाल्यांना उघडे असलेले रस्ते दोन: दोन वर्षांचं ए.एन.एम. किंवा तीन वर्षांचं जी.एन.एम. जी.एन.एम.नंतर पदवी हवी असेल तर आणखी दोन वर्षं पोस्ट बेसिक बी.एस्सी. म्हणजे बी.ए. सोडून आजपासून पाच वर्षं. मनापासून करायचं असेल तर हा रस्ता वाईट नाही, पण तुझ्या अख्ख्या पत्रात रुग्णाबद्दल एक ओळ नाही. आईच्या नाइट ड्युटीबद्दल मात्र तीन वेळा लिहिलं आहेस.

घरच्यांवर चिडू नकोस. इतर घरांतल्या मुलींना परिचारिका व्हायला पाठवत नव्हते, त्या काळात मिशनच्या दवाखान्यांनी ख्रिस्ती मुलींना हे शिक्षण दिलं आणि पिढ्यानपिढ्या त्यावर घरं चालली. मावशीच्या आग्रहामागे तो अनुभव आहे. त्याला उत्तर द्यायचं तर 'मला आवडत नाही' एवढं पुरणार नाही. हातात दुसरा हिशेब हवा.

आता छंद. केकचं गणित आधी मांडते, कारण ते सगळ्यात फसवं आहे. डिसेंबरात ऑर्डरी येतात, पैसे दिसतात आणि वाटतं की हाच धंदा. घरच्या २८ लिटरच्या ओटीजीत अर्ध्या किलोचे दोन डबे एका वेळी बसतात. प्लम केक १५० ते १६० अंशांवर तासभर घेतो, आधी ओव्हन तापायला दहा-पंधरा मिनिटं. घाईने १८० वर ठेवलास तर वरून फुटतो आणि आत ओला राहतो. कॉलेज सांभाळून दिवसाला तीन घाणे झाले तरी सहा केक. रविवार आणि कॅरोलच्या रात्री वजा करून महिन्यात दहा दिवस हाती लागतात, म्हणजे साठ केक ही तुझी कमाल मर्यादा. त्याच दिवसांत घरात करंज्या-चकल्याही चालू असणार. पुढे वाढायचं तर मोठा ओव्हन, मदतनीस आणि वर्षभराचं गिऱ्हाईक लागेल. तेव्हा केक डिसेंबरापुरताच ठेव. अन्नसुरक्षेची नोंदणी फॉस्कॉस पोर्टलवर करून घे आणि तो १४ अंकी क्रमांक डब्यावर छाप. भाव ठरवताना खोका, वीज आणि स्वतःचे तास धर. नवख्या मुली नेमके हेच तीन धरत नाहीत. उरलेले पैसे वेगळ्या खात्यात टाक, ते कशाला लागतील ते पुढे येतं.

संगीताचं वेगळं आहे. दर रविवारी शंभर-दीडशे माणसं तुझ्या कीबोर्डवर गातात. मंडळी रेंगाळते, पुढच्या बाकावरच्या आजीबाई एक मात्रा मागे असतात, पाळकसाहेब न सांगता एक कडवं गाळतात आणि तरीही गाणं तुटत नाही. साथ करण्याचं हे कौशल्य नुसत्या क्लासमध्ये मिळत नाही. शाळेच्या परिपाठाला नेमकं हेच लागतं. म्हणून माझा सल्ला असा: शाळेत इंग्रजी शिकवणारी आणि संगीतही घेऊ शकणारी शिक्षिका हे ध्येय ठेव. नुसत्या संगीत शिक्षकाच्या जागा अनुदानित शाळांत अगदी कमी. खासगी सीबीएसई, आयसीएसई शाळा संगीत शिक्षक घेतात. एका उमेदवारात दोन विषय मिळाले तर त्यांनाही बरंच.

यात आड येणारी गोष्ट मी ओळखून आहे: ट्रान्सपोझचं, म्हणजे बोटं तीच ठेवून सूर वर-खाली सरकवणारं बटण. कानाने वाजवणारे जवळपास सगळे पांढरी एकमध्येच (म्हणजे 'सी' स्केलमध्ये) बोटं बसवतात आणि मंडळीचा सूर बटणाने लावतात. रविवार निभावतो, पण बोटांना बाकीचे सूर कधी कळतच नाहीत. पियानोला बटण नसतं. तेव्हा या आठवड्यापासून एक भजन निवड आणि बटण शून्यावर ठेवून पांढरी चारमध्ये ('एफ') वाजव. त्यात कोमल 'बी' म्हणजे काळी पाच येते, बाकी सगळ्या पांढऱ्या. पुढच्या आठवड्यात तेच भजन पांढरी पाचमध्ये ('जी'), तिथे एकच काळी तीन. डाव्या हाताने नुसता कॉर्ड दाबून धरू नकोस, मूळ सूर आणि पाचवा सूर आळीपाळीने वाजव. चुका कुठे होतील तेही सांगते. उजव्या हाताचा अंगठा तिसऱ्या बोटाखालून काढताना ताल अडखळतो. पांढरी चारमध्ये मात्र चढताना अंगठा चौथ्या बोटानंतर येतो. तिथे सवयीने चुकशील, कारण पांढरी एकची बोटं हातात बसली आहेत. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) ६० वर ठेवून चार-चार मात्रांचे तुकडे कर. ऑटो-ऱ्हिदम, म्हणजे कीबोर्डचा आपोआप वाजणारा ठेका, बंदच ठेव, तो तुझा ताल झाकतो.

प्रमाणपत्र हवंच, कारण शाळा कानावर विश्वास ठेवत नाही. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या परीक्षांत पियानो आणि इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड हे वेगळे विषय आहेत. फॉर्म भरताना ही गल्लत होते. तू पियानो घे. आठ ग्रेड असतात, त्याआधी एक इनिशियल. खालची ग्रेड न देता थेट वरची देता येते, पण तुला नोटेशन येत नसल्याने दुसरी किंवा तिसरी धर. प्रत्यक्ष परीक्षेत १०० गुण: तीन रचनांना प्रत्येकी २२, तांत्रिक भागाला १४ आणि पूरक चाचण्यांना प्रत्येकी १० प्रमाणे २०. उत्तीर्ण व्हायला ६०. कानाने वाजवणारे रचना पाठ करतात, ऐकण्याच्या चाचणीतही सहसा निभावतात, आणि समोर ठेवलेलं अनोळखी नोटेशन वाचायची वेळ आली की गारद होतात. त्यातही डाव्या हातासाठी खाली लिहिलेल्या ओळी. म्हणून रोज दहा मिनिटं फक्त त्या ओळी वाच, वाजवू नकोस, सूर मोठ्याने म्हण. ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर सुरुवात होईल. तिसऱ्या ग्रेडपुढे खऱ्या पियानोसारख्या जड दाबाच्या ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो लागेल. केकचे पैसे इथे.

तुमच्याकडे अभंग आणि भजनं पेटी-तबल्यावर होतात, तर गांधर्व महाविद्यालय मंडळाची पेटीची परीक्षाही देऊ का, असं तू विचारशीलच. पत्रात तसा सूर आहे. दे, पण प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षा आहेत. दोन्ही एकदम सुरू केलंस तर दोन्ही अर्धवट राहतील. आधी एक ग्रेड हातात येऊ दे.

बी.एड.बद्दल. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, प्रवेश राज्याच्या सीईटीमधून. पदवीला खुल्या वर्गासाठी किमान ५० टक्के लागतात, म्हणून एस.वाय.चे गुण हलक्यात घेऊ नकोस. सीईटीत बुद्धिमापन, सामान्यज्ञान आणि शिक्षक अभियोग्यता. इंग्रजी माध्यमाच्या कॉलेजसाठी इंग्रजीची वेगळी चाचणी असते, ती फॉर्ममध्ये निवडायला बरेच जण विसरतात आणि मग मराठी माध्यमाच्याच जागा उरतात. 'मुक्त विद्यापीठ नाशकातच आहे, घरी बसून करीन' हा बेत मनातून काढ. दूरशिक्षणाचं बी.एड. नोकरीत असलेल्या शिक्षकांसाठी असतं. कॉलेज निवडताना ते राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या मान्यता यादीत आहे ना, एवढं बघून घे.

कागद आत्ताच तपास. अल्पसंख्याक संस्थेतल्या राखीव जागेसाठी किंवा शिष्यवृत्तीसाठी धर्माची नोंद शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून बघतात. तिथे 'ख्रिश्चन' आहे की दुसरंच काही, आणि नाव बाप्तिस्म्याच्या दाखल्याशी, आधारशी अक्षरशः जुळतं का? एका अक्षराचा फरक ऐन प्रवेशाच्या वेळी आठवडा खातो. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांचा समावेश राज्याच्या इतर मागासवर्गाच्या यादीत आहे. तुमचं कुटुंब त्यात बसत असेल तर जात पडताळणीचा अर्ज आजच कर, त्याला महिने लागतात.

राहिला वेळ. तू दिलेल्या वेळापत्रकाची बेरीज केली: रविवारी सहा तास, शनिवारी गायक मंडळाचा सराव दोन, बुधवारची घरगुती प्रार्थनासभा दीड. हे साडेनऊ तास तुझा अडथळा नाहीत, त्यातले निम्मे तर कामाचा सराव आहेत. वेळ जातो तो संध्याकाळी सहा ते नऊ: स्वयंपाक, आजीच्या गोळ्या, भांडी, भावाचा अभ्यास. गोळ्यांसाठी वारांच्या खणांची डबी आण आणि रविवारी रात्री आठवड्याची भर. भांडी भावाकडे दे. दहावीतला मुलगा भांडी घासल्याने नापास झाल्याची नोंद नाही. दुपारी दोन ते दोन-चाळीस, आजी झोपलेली असताना, कीबोर्डला हेडफोन लावून सराव: दहा मिनिटं स्केल, वीस रचना, दहा नोटेशन वाचन. रोज तेवढंच. शनिवारी तीन तास बसून ते भरून निघत नाही. सत्र परीक्षा आणि नाताळ-ईस्टरचा सराव एकमेकांवर येतात, म्हणून ऑक्टोबरातच गायक मंडळाला सांग की परीक्षेच्या आठवड्यात कीबोर्ड दुसऱ्या कुणाकडे. दुसरं कुणी नसेल तर तरुण संघातल्या एकाला आत्तापासून चार भजनं शिकव.

संडे स्कूलचा अनुभव कागदावर आण. पाळकसाहेबांकडून दाखला घेताना 'सेवाभावी, नम्र' यापेक्षा किती वर्षं, कुठल्या वयाची किती मुलं, काय शिकवलं हे लिहून माग. मुलाखतीच्या डेमो तासाला मात्र चर्चचं गीत घेऊ नकोस, वर्गात सगळ्या धर्मांची मुलं असतात. टाळ्यांचा ताल आणि चार ओळींचं ऋतूचं गाणं पुरे. राष्ट्रगीत ५२ सेकंदांत नीट साथ करता येणं आणि २०२३ पासूनचं राज्यगीत हाताशी असणं, ही तुझी खरी मुलाखत. दोन्ही सुरू करण्याआधीचा सूर मुलांना झेपेल असा लाव. मोठ्यांच्या सुरात लावलंस तर वरच्या ओळीला अर्धी शाळा गप्प होते.

सीबीएसई शाळांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, त्यामुळे माणसं शोधणं फेब्रुवारी-मार्चात चालतं. येत्या फेब्रुवारीत गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा या भागांतल्या पाच शाळांत जा. नोकरी मागायला नको, दोन प्रश्न विचारायला: संगीत शिक्षकाकडून कुठलं प्रमाणपत्र बघता, आणि पगार काय देता? पाच उत्तरं वहीत लिही, शेजारी आईचा सुरुवातीचा पगार लिही आणि ते पान मावशी घरी येईल त्या दिवशी टेबलावर ठेव.